सासूबाई पालीच्या जन्माला गेल्या तेव्हा

माझ्या सासूबाई वारल्या तेव्हा घरात सगळ्यांत मोठी अडचण माझीच झाली, कारण मला रडता येईना. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण आवाज फुटत नव्हता. आमच्या तापीकाठच्या गावांत सासू गेली की सुनेनं बोल लावून रडायचं असतं. गेलेलीचे गुण एकेक करून सांगायचे, आणि तेही गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं. माझा आवाज तर स्वयंपाकघराचा उंबरासुद्धा ओलांडत नसे. माझं माहेर कोरीटकडचं. तिथं चौथीपर्यंत शिकले, पण वर्गात मास्तरांनी नाव घेतलं की मी नुसती उभी राहायची आणि तेवढ्यावरच मला पास करायचे. सासरी येऊन दोन-तीन वर्षं झाली होती, आणि म्हैस सोडून कोणाशी मी सलग चार वाक्यं बोलले नव्हते.

भेटायला आलेल्या बायकांनी ओटा भरला. मोठी नणंद तिच्या सासरहून आली होती. ती माझ्या शेजारी बसून सुरेख रडत होती. मध्येच थांबून तिनं मला कोपरानं ढोसलं.

"रड ना व वयनी! लोके काय म्हनतीन?"

मी जीव एकवटून तोंड उघडलं आणि मला उचकी लागली. ती काही केल्या थांबेना. बायका म्हणाल्या, दुःखानं सुनेचा ऊर भरून आला. अशी माझी लाज उचकीनं राखली.

सासूबाई सवाष्ण गेल्या. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. सगळे म्हणत होते, असं मरण नशीबवान बाईलाच येतं, ही सरळ वैकुंठाला गेली. सासरे मान खाली घालून ऐकत होते आणि त्यांना त्यात थोडं बरं वाटत असावं. तेवढ्यावर राहिलं असतं तर हे सगळं घडलं नसतं. पण आमच्यात पीठ बघायची रीत आहे.

माणूस ज्या जागी गेलं तिथं सारवून, ज्वारीचं पीठ चाळून पातळ पसरतात. शेजारी दिवा ठेवतात, वर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलून पिठावर उमटलेल्या खुणा बघायच्या. ज्याची पावलं, त्याचा जन्म गेलेल्याला मिळाला. सासूबाईंनी थंडीमुळे शेवटचे दिवस अंथरूण चुलीजवळ घेतलं होतं, म्हणून पीठ स्वयंपाकघरात पसरलं. चाळायचं काम माझ्याकडे होतं. मी इतकं बारीक चाळलं की मुंगी गेली असती तरी दिसली असती. माझ्या हातून नीट झालेलं ते पहिलं काम, आणि त्यानंच घात केला.

सकाळी टोपली उचलली. पिठावर बारीक बारीक पावलं होती, बोटं पसरलेली, आणि मधून एक वळणावळणाची रेघ गेली होती. बायका वाकल्या.

"गायना पाय शेतस," एकजण म्हणाली.

"गाय काय एवढीशी ऱ्हास का?"

"वासरू व्हई."

"मोर शे, मोर! पिसारा ओढत गया, हाई देखा."

नणंदेनं मला पुढं ओढलं. "तू देख ना व वयनी. तू चवथी शिकेल शे."

चौथीत पिठावरची पावलं शिकवत नाहीत, हे सांगायला तोंड लागतं. मी बघितलं. मला पहिल्या नजरेतच कळलं ते काय आहे. मी पदर दातात धरला आणि गप्प राहिले. मग शेजारच्या गुजर काकी आल्या. त्यांचे पूर्वज गुजरातेतून येऊन तापीकाठी केळी-कापूस करायला लागले, त्याला किती पिढ्या झाल्या त्यांनाच ठाऊक नव्हतं. काकींना डोळ्यांनी कमी दिसायचं, पण बोलताना त्या कशाचीच अडचण मानत नसत. त्यांनी नाक पिठाला लागेल इतकं वाकून बघितलं.

"हाई तर पाल शे," त्या म्हणाल्या.

आणि त्याच वेळी आढ्याखाली पाल चुकचुकली. सगळ्यांनी जमिनीवर बोटं आपटून "कृष्ण, कृष्ण" म्हटलं. पाल बोलली म्हणजे खरं ठरलं. आता बदलणं कोणाच्या हातात नव्हतं.

पाल स्वयंपाकघरातच राहते, टोपलीच्या खालून ती पिठावर फिरली असेल, इतकी सोपी गोष्ट त्या एवढ्या बायकांपैकी एकीच्याही डोक्यात आली नाही. माझ्याही आली नाही. आली असती तरी मी बोलले नसते, म्हणजे माझ्या अकलेचा त्या घराला तसाही उपयोग नव्हता.

त्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले. सासूबाई असताना मी स्वयंपाकघरात डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून काम करायची. त्या गेल्यावर, खरं सांगायचं तर, एक दिवस मी पदर खांद्यावर टाकून भाकरी थापली होती आणि फार मोकळं वाटलं होतं. आता चुलीमागच्या भिंतीवर ती पाल येऊन बसायची, आणि मी झटकन पदर कपाळापर्यंत ओढायची. भाकरी जाड झाली की भिंतीकडं चोरून बघायची. तेल ओतताना हात आखडायचा, कारण सासूबाईंना तेल जास्त घातलेलं खपत नसे. एकदा तर सांडलेलं दूध पुसून होईपर्यंत मी पालीकडं पाठ करून उभी राहिले, म्हणजे तिला दिसू नये.

नणंदेचं दुःख वेगळं होतं. सासूबाईंनी जन्मभर मांसमच्छी कधी घरात येऊ दिली नव्हती. चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा नाही. आणि पाल दिव्याभोवतीचे किडे आमच्या डोळ्यांदेखत गट्ट करायची. नणंद तिच्यासमोर वाटीत दूध-भात ठेवायची. पालीनं कधी ढुंकून पाहिलं नाही. एकदा तिनं मोठा पतंग धरला आणि त्याचे पंख तोंडाबाहेर फडफडत राहिले. नणंद मटकन खाली बसली.

"वं माय! मन्ही आई किडा खाई ऱ्हायनी!"

मला हसू आलं. ते दाबायला मी चुलीत तोंड घालून फुंकर मारायला लागले आणि धुरानं डोळे भरून आले. नणंदेला वाटलं, मीही रडते आहे. त्या दिवसापासून तिचं माझ्यावर जरा प्रेम बसलं.

पण सासऱ्यांना हसू येण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी जेवण कमी केलं. आधी एक भाकरी, मग अर्धी, मग ताटात बोटं फिरवून उठायचे. भल्या बाईला पालीचा जन्म का मिळाला, हे त्यांना उमगत नव्हतं. गावात तर कुजबुज सुरू झालीच होती की म्हातारी तेला-तुपाला फार चिकट होती, म्हणून भिंतीला चिकटली. हे त्यांच्याही कानावर आलं असणार.

मी सासऱ्यांशी बोलत नव्हते. आमच्याकडं सून सासऱ्याशी बोलतच नसे. ते पाणी मागायचे तर हवेत बघून म्हणायचे, "पानी द्या रे कोनी," आणि मी तांब्या दाराशी ठेवून आत पळायची. मला काही सांगायचं असेल तर मी म्हशीला सांगायची, "जेवण व्हई गयं बरं का," आणि ते ऐकून घ्यायचे. तेव्हा ते उपाशी राहताहेत हे मला सगळ्यांच्या आधी दिसत होतं, आणि सगळ्यांत कमी उपयोग माझाच होता. मी एवढंच करत होते की ते ओट्यावर बसले की दारामागं उभी राहून ऐकायची. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारायचे.

पहिल्यांदा पोथी वाचायला येणाऱ्या भटजींना विचारलं. भटजी म्हणाले, जीव वर्षभर यमाच्या वाटेनं चालतो. वाटेत वैतरणी नदी लागते. गाय दान दिली असेल तर तिची शेपटी धरून पलीकडं जाता येतं. मग दरबारात सगळा हिशेब वाचून दाखवतात, आणि त्यानंतर पुढचा जन्म.

"मंग आते ती वाटवर शे का?" सासऱ्यांनी विचारलं.

"वाटेवरच आहे."

"मंग घरमा कोन शे?"

भटजींनी पोथी बांधायला घेतली.

मी दारामागं हे ऐकलं आणि स्वतःचाच विचार करत बसले. वर्षभर एकटीनं चालायचं, कोणाशी बोलायचं नाही, हे मला पसंत पडलं. नदीचीही भीती नव्हती, तापी बघितलेली होती. पण शेवटी भरल्या दरबारात उभं करून सगळं मोठ्यानं वाचणार! तिथं माझी उचकी पुन्हा सुरू होणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

नंतर बांगडीवाली आली. ती मुसलमान होती, सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या रांगांच्या पलीकडं तिचं दुकान लागायचं, आणि एरवी डोक्यावर पेटी घेऊन गावं फिरायची. सासूबाईंचा हात तिनं कित्येक वर्षं भरला होता. ती ओट्याखाली बसून आधी थोडी रडली, मग सासऱ्यांनी तिलाही विचारलं.

"तुमनामा मानूस मरी गया की कोठे जास?"

"कहीं नहीं जाता भैया, कब्र में सोता. दो फरिश्ते आते, सवाल पूछते. जिसने अच्छा जवाब दिया, उसके लिए कब्र बाग बन जाती. फिर कयामत तक आराम."

"परत येस का?"

"ना भैया. जो गया सो गया. छिपकली-विपकली हमारे में नहीं होती."

मी आत घाबरून गेले. शाळेत साहेब तपासणीला आले होते तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, तुझं गाव कोणतं. मला तेवढंही सांगता आलं नव्हतं. जमिनीखाली, अंधारात, दोन अनोळखी पुरुष येऊन सवाल विचारणार म्हटल्यावर मी जन्मभर केलेलं सगळं चांगलं वाया गेलंच असतं.

आमचा सालदार तोरणमाळच्या बाजूचा होता. वर्षाच्या करारानं तो आमच्या शेतात राबायचा आणि बायकोसह खळ्यातल्या खोपीत राहायचा. ती दोघं आपसात पावरी बोलायची, आमच्याशी तोडकीमोडकी अहिराणी. सासऱ्यांनी विचारलं तेव्हा सालदार नुसता हसला, पण त्याची बायको म्हणाली, "आमनं मानूस कोठेच नही जात. तठेच ऱ्हास. सणले नाव लिसन बोलावानं, पहिली धार त्याले."

म्हणजे मोहाच्या दारूची पहिली धार जमिनीवर ओतायची, गेलेल्याला नावानं हाक मारायची, की तो येऊन जेवून जातो. त्यांच्या माणसांसाठी टेकडीवरच्या झाडाखाली दगड उभे केलेले असतात. पाल घरातच आहे म्हटल्यावर तिला आमच्या रडण्याचंच नवल वाटलं. घरचं माणूस घरात राहिलं, मग तक्रार कसली?

सासऱ्यांना हे थोडं आवडलं असावं. मला मात्र धास्ती वाटली. मोठ्यानं हाक मारून चारचौघांत जेवायला बोलावणार, आणि तेही मेल्यावर! जिवंतपणी पंगतीत मी पोटभर जेवले नव्हते. एकेकाचं ऐकून मी मनाशी ठरवलं की मला पालीचाच जन्म सगळ्यांत सोयीचा. भिंतीला चिकटून बसायचं, सगळ्यांचं ऐकायचं, आणि कोणी काही विचारत नाही. तसं बघितलं तर मी दारामागं तेच करत होते.

शेवटी गुजर काकी आल्या. पालीचं नाव त्यांनीच घेतलं होतं, म्हणून सासरे त्यांच्यावर थोडे रागावलेले होते. पण काकींना राग दिसत नसे.

"दादा, जीव काहीमा अटकेल व्हई तिन्हा," त्या म्हणाल्या. "मनमा काही ऱ्हाई गयं की मानूस त्याच जागावर घुटमळस. काही मांगेल व्हतं का तिनी तुमले?"

सासरे ओट्यावरून उठून गेले. त्या दिवशी त्यांनी ताटाला हातही लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नणंदेनं पायाशी बसून विनवलं, दूध आणून दिलं, तेही तसंच राहिलं. आधीच वाळलेलं शरीर. आता हे दुसरं प्रेत उठणार अशी भीती सगळ्यांना वाटायला लागली, आणि बोलून कोणी दाखवत नव्हतं. मी म्हशीला सांगितलं, "दूध गरम शे." मग परत सांगितलं. म्हशीनं ऐकलं, त्यांनी नाही.

संध्याकाळी त्यांनी माझ्या नवऱ्याला हाक मारली.

"खिडकी," ते म्हणाले.

"कोनती खिडकी?"

"चूलपाशी. तुन्ही माय जल्मभर मांगत ऱ्हायनी. धूरथीन डोया गयात म्हने, एक खिडकी पाडी द्या. मी सांगं, गल्लीकडे खिडकी पाडी तं घरन्या बाया लोकेसले दिसतीन." मग थांबून म्हणाले, "म्हनीसन ती चूलपाशीच बशेल शे."

मी दारामागं हात तोंडावर ठेवून उभी होते. सासूबाई शेवटी खोकून खोकून गेल्या होत्या, तेव्हा खिडकीची गोष्ट खोटी नव्हती. पण ती एकच भिंत गल्लीला लागून होती. त्या खिडकीतून जी बाई दिसणार होती ती सासूबाई नव्हे, मी होते. घरात हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मलाही विचारायचं असतं, हे माझ्या स्वतःच्याही लक्षात आलं नव्हतं म्हणा. एवढंच आठवतं की मी पालीकडं बघून मनात म्हटलं, आत्याबाई, तुम्ही आपण होऊन गेलात तर बघा.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं आणि सालदारानं पहार घेतली. मातीची जाड भिंत होती. ढेकळं चुलीवर पडली, उतरंडीवर पडली, घरभर धूळ झाली. पाल आढ्यात पळाली. दुपारपर्यंत भिंतीला भोक पडलं आणि चुलीवर ऊन आलं. त्या उजेडात मी पहिल्यांदा आमचं स्वयंपाकघर बघितलं. भिंती काजळीनं तव्यासारख्या काळ्या होत्या. कोपऱ्यात जाळी लोंबत होती. मी रोज सारवलेली जमीन मला वाटायची तशी सारवलेली नव्हतीच. अंधारात मी दोन-तीन वर्षं चांगली सून होते, ते सगळं एका दुपारी गेलं.

नवऱ्यानं बाभळीचे गज बसवले. लगेच पहिली बाई गजांपाशी येऊन उभी राहिली.

"काय भाजी शे व आज?"

माझ्या हातातलं उलथणं खाली पडलं. मग दुसरी आली, तिसरी आली. पुरुष मान वळवून जायचे, पण बायकांना ती खिडकी म्हणजे बसायची जागाच वाटली. मी कोपऱ्यात सरकून, भिंतीला अंग चिकटवून भाकरी थापायला लागले, आणि त्या बाहेरून मान वाकडी करून मला शोधायच्या.

आणि पाल? ती दोन दिवस दिसली नाही. नणंदेनं हात जोडले, आई सुटली म्हणाली, आणि तिच्या गावी गेली. तिसऱ्या दिवशी पाल परत आली. खिडकीमुळं बाहेरचे किडे दिव्यावर जास्त यायला लागले होते, तेव्हा तिच्याबरोबर आणखी एक आली. मग छोटी एक. भिंत कशी भरलेली दिसायला लागली. मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. सासरे थोडं दूध प्यायला लागले होते, पण भाकरीला अजून हात लावला नव्हता. त्यांना स्वयंपाकघरात यायचं नव्हतं, तिथं मी असायची. आणि माझ्याकडून त्यांना कळायची सोय नव्हती.

एका सकाळी मी चुलीपाशी होते. नवरा शेतात गेला होता, म्हैस चरायला सोडलेली. खिडकीत उजेड कमी झाला म्हणून वर बघितलं, तर गजांच्या बाहेर सासरे उभे. मी पदर ओढून भिंतीकडं तोंड केलं. ते गजांकडं बघत म्हणाले,

"गयी का ती?"

मी थांबले. कोणीतरी उत्तर देईल असं वाटलं. ते गेले नाहीत. त्यांचा हात गजावर होता. भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर ती पाल बसली होती, शेपटी वाकडी करून, निवांत. गेली म्हणावं तर ती समोर होती. नाही म्हणावं तर हा माणूस जेवणार नाही. ते दोघं फरिश्ते येऊन उभे राहिले असते तर मी इतकी घाबरले नसते.

"आठेच शेतस त्या," मी भिंतीला म्हटलं. आवाज माझाच होता, पण मला ओळखू आला नाही. "पन आते धूर नही शे."

मला वाटलं, ऐकू गेलं नाही, आता परत बोलावं लागणार. मग ते म्हणाले,

"मंग ऱ्हाऊ दे तिले."

आणि थोड्या वेळानं, जायला वळताना, "भाकर व्हई गयी व्हई तं दे."

मी घाईत पीठ जास्त घेतलं आणि भाकरी पायताणाएवढी जाड झाली. ती त्यांनी पूर्ण खाल्ली, ओट्यावर बसून, हळूहळू, पाण्याच्या घोटाबरोबर. मी दारामागून बघत होते.

त्यानंतर ते रोज सकाळी खिडकीशी येऊन उभे राहायचे. आज कापसाला पाणी द्यायचं आहे, अमक्याकडं लग्न निघालं, नदीला पाणी चढलंय. बोलायचे ते भिंतीकडं बघून, तेव्हा ते सासूबाईंना सांगतात की मला, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. एकदा म्हणाले, "कालदी भाजीमा मीठ जास्ती व्हई गयं व्हतं."

मी पालीकडं बघितलं. तिन्हीपैकी एकही पाल काही बोलली नाही. तेव्हा मीच म्हटलं, "आज कमी टाकसू."